बेघरांचा वाली कोण?

२४ मार्च २०२० च्या रात्री, घराबाहेर पडू नका, असा आदेश देशाला मिळाला. ज्यांना घर होते त्यांना तो पाळता आला. ज्यांना नव्हते त्यांनी तो कसा पाळावा, हा प्रश्न मागाहून सुचला. निवारा व अन्न यांची तजवीज करण्यास केंद्राने राज्यांना २९ मार्चच्या आदेशाने बजावले. पण तोवर माणसे रस्त्याला लागली होती. नागपूर-रायपूर महामार्गाने साकोली-देवरीमार्गे छत्तीसगडच्या सीमेकडे पायी निघालेले मजुरांचे तांडे गोंदिया जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहेत.

त्या दिवसांत दयेची वाण नव्हती. वाटेवरच्या गावांनी शिधा दिला, संस्थांनी जेवण पुरवले, शासनाने शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली. उणीव होती ती मेळाची. जेथे मदत पोचणे सोपे, तेथे दोनदा पोचते. आडबाजूला एकदाही पोचत नाही. साधने अपुरी असतात तेव्हा त्यांची वाटणी हाच खरा प्रश्न असतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात आपण विद्यार्थ्यांना सांगतो.

गोंदियासारख्या जंक्शनवर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. फलाटावर झोपलेला माणूस रेल्वेच्या हद्दीत असतो. चार पावले बाहेर आला की तो नगर परिषदेचा होतो. आजारी पडला की आरोग्य खात्याचा आणि मरण पावला की पोलिसांचा. इतक्या खात्यांचा असूनही तो कोणाचाच नसतो. शिधापत्रिकेला पत्ता हवा. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला गृहविलगीकरण सांगितले जाई. त्या शब्दातच गृह गृहीत धरलेले होते. ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणाची रीत केंद्राने ठरवून दिली ती मे २०२१ मध्ये, म्हणजे मोहीम सुरू झाल्यावर जवळजवळ चार महिन्यांनी.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर मोजले गेले. शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे १०० जणांची सोय होईल असा कायम निवारा असावा, असा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. त्याच जनगणनेनुसार १ लाख ३२ हजार वस्तीच्या गोंदिया शहराला तो लागू होत होता.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, हा खर्च परवडणारा नाही. पण साथीच्या काळात उघड्यावर पडलेल्या रुग्णाचा आजार त्याच्यापुरता राहत नाही. त्याची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागते. दुसरा आक्षेप असा की, हे लोक परके आहेत. आपल्या जिल्ह्यातील मजूरही नागपूर-हैदराबादेकडे कामाला जातात. २०२० मध्ये तेही तेथे परकेच होते, याचा विसर पडू नये.

उपाय अवघड नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याने आपत्ती आराखडा करावयाचा असतो व त्याचा दरवर्षी आढावा घ्यावयाचा असतो. त्या आराखड्यात बेघरांसाठी स्वतंत्र प्रकरण असावे. रेल्वे, नगर परिषद, आरोग्य व पुरवठा या चारही खात्यांना सूचना देऊ शकेल असा एकच जबाबदार अधिकारी आधीच नेमलेला असावा. बऱ्या होत असलेल्या रुग्णांसाठी काही खोल्या राखून ठेवाव्यात. कोणत्या वस्तीत कोणत्या दिवशी कोणती संस्था जेवण देणार, याची यादी तयार असावी. वर्षातून एकदा रात्रीची गणना व्हावी. तिला महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आनंदाने येतील, अशी माझी खात्री आहे.

धानाच्या या जिल्ह्यात अन्नाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो जबाबदारी स्वीकारणाऱ्या एका नावाचा. पुढची साथ येण्यापूर्वी ते नाव आराखड्यात लिहिले जावे, एवढीच मागणी आहे.