कोल्हा, हरीण आणि शिशाची गोळी

ब्रिटनमधील हरणांची संख्या सुमारे २० लाख असावी, असा अंदाज आहे. लांडगा केव्हाच नामशेष झालेल्या या देशात हरणांना नैसर्गिक शत्रू उरलेला नाही. वने आणि शेती वाचवायची तर हरणांची संख्या बंदुकीनेच आटोक्यात ठेवावी लागते. त्यामुळे कोणती रायफल निवडावी, हा तेथे केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. तो कायद्याचा आणि खाणाऱ्याच्या आरोग्याचाही होतो.

शेतातील कोल्हा आणि रानातील हरीण या दोहोंसाठी एकच रायफल हवी असणाऱ्यांमध्ये .२४३ विंचेस्टर दीर्घकाळ लोकप्रिय आहे. १९५५ मध्ये बाजारात आलेले हे अमेरिकी काडतूस हलक्या गोळीने कोल्ह्यासाठी, तर १०० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमच्या, गोळीने हरणासाठी वापरता येते. खांद्याला धक्काही कमी बसतो. इंग्लंड व वेल्समध्ये बहुतेक हरणांसाठी किमान .२४० इंचाची रायफल आणि १,७०० फूट-पौंड ऊर्जा बंधनकारक आहे. त्याहून लहान .२२३ तेथे मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा भाऊबंद, आणि चिनी पाणहरीण यांच्यापुरतीच चालते. स्कॉटलंडमध्ये मात्र रो हरणासाठीही तिला मुभा आहे.

जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयाने हे गणित बदलले. ६.१७ मिलिमीटर व त्याहून अधिक व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांवर तीन वर्षांच्या संक्रमणकाळानंतर बंदी येणार आहे. .२४३ ची गोळी नेमकी याच रेषेवर, म्हणून बंदीच्या कक्षेत येते. पर्याय तांब्याचा आहे. पण तांब्याची घनता शिशाहून कमी असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळी स्थिर ठेवण्यासाठी नळीतील खाचांना अधिक पीळ लागतो. अनेक जुन्या रायफलींत तो नसतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठीच्या गोळीचे किमान वजन १०० वरून ८० ग्रेनवर आणले, त्यामागे हेच कारण होते.

मात्र एक फट राहिलीच. .२२३ ची गोळी सुमारे ५.७ मिलिमीटरची असल्याने ती बंदीबाहेर आहे. म्हणजे रो हरीण किंवा मुंटजॅक शिशाच्या गोळीने टिपून त्याचे मांस स्वयंपाकघरात नेणे यापुढेही कायदेशीर राहील. शिशाची गोळी हाडावर फुटली, की तिचे सूक्ष्म कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. शिशाचा धोका लहान मुलांना आणि गर्भवतींना सर्वाधिक असतो.

तांबे महाग म्हणून शिकारी लहान रायफलीकडे वळले, तर आणखी एक धोका संभवतो. हलकी गोळी नेम थोडा चुकला तरी माफ करीत नाही. जखमी हरीण पळून जाते आणि तडफडून मरते. केवळ व्यासावर आखलेली रेषा कारभाराला सोयीची असते. गोळी किती जाड आहे, यापेक्षा मारलेला प्राणी ताटात जाणार आहे की नाही, हा निकष अधिक न्याय्य ठरला असता.