भाकर निर्दोष, पण गिरणीचे काय?

सिलिअ‍ॅक हा आजार असणाऱ्यांच्या लहान आतड्याला गहू आणि जवातील ग्लुटेन इजा करते. त्यावर औषध एकच, आयुष्यभराचे पथ्य. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत त्यासाठी महागड्या पाकिटांमागे धावायची गरज नाही. ज्वारीच्या भाकरीला ना गहू लागतो, ना तेल. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, उकडलेल्या शेंगा हा नाश्ताही तसाच. तेल कमी करायला सांगितलेल्यांनाही तो चालतो.

अडचण आहे ती गिरणीत. गव्हानंतर त्याच चक्कीवर ज्वारी दळली, की आत उरलेली कणीक तिच्यात मिसळते. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लुटेनमुक्त' पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ही मर्यादा ओलांडायला चिमूटभर कणीकही पुरते. बाजारातल्या अनेक हिंगांतही गव्हाचे पीठ असते, आणि 'मल्टिग्रेन' म्हणजे गहू नाही, असे मुळीच नाही.

म्हणून गिरणीमालकांनी एक चक्की फक्त ज्वारी-तांदळासाठी राखावी. ते होईपर्यंत रुग्णाचे पीठ घरीच, वेगळ्या भांड्यात दळलेले बरे.

मात्र शंका आली म्हणून लगेच गहू सोडू नये. गहू बंद केल्यावर रक्ततपासणीत आजार निसटू शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. आणि ज्यांना हा आजार वा गव्हाचा त्रास नाही, त्यांनी पोळीला घाबरण्याचे कारण नाही.