बैठे प्रशासन

आपल्या सरकारी व्यवस्थेत एक समज पक्का रुजला आहे. जो अधिकारी रात्री साडेआठपर्यंत खुर्चीत दिसतो तो कार्यक्षम आणि जो सहाला उठून फिरायला जातो तो कामचुकार! हा समज नुसता चुकीचा नाही, तर सरकारला महागात पडणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यायाम म्हटले की आपल्याकडे पोट, साखर आणि रक्तदाब यांचीच चर्चा होते. साहजिकच तो ज्याचा त्याचा खासगी प्रश्न ठरतो. परंतु २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. १२० वयस्कर व्यक्तींपैकी एक गट आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालला. दुसऱ्याने केवळ शरीर ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेर पहिल्या गटात हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूचा स्मरणाशी निगडित भाग, सुमारे २ टक्के वाढलेला आढळला. दुसऱ्या गटात तो सुमारे १.४ टक्के घटला. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत शारीरिक निष्क्रियता आहे.

प्रतिकूल पुरावाही सांगितला पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, ५८५ ज्येष्ठांवरील प्रयोगात दीड वर्षानंतरही व्यायामामुळे स्मरणशक्ती सुधारल्याचे दिसले नाही. व्यायाम ही जादू नव्हे. तरीही एकदा केलेल्या मध्यम व्यायामानंतर अवधान आणि विचारांवरील नियंत्रण काही काळ थोडे सुधारते, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. लाभ लहान असेल. पण ज्याच्या सहीवर हजारोंचे निवृत्तिवेतन किंवा भूसंपादन अवलंबून असते, त्याच्या बाबतीत तो लहान राहत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे घसारा आठवतो. यंत्राच्या झिजेसाठी आपण हिशेबात तरतूद करतो. मात्र प्रशासनाचे मुख्य भांडवल, म्हणजे माणसाची निर्णयबुद्धी, झिजली तरी कोणत्याच वहीत नोंद होत नाही. उलट जास्त वेळ बसणे हेच उत्पादन मानले जाते. साधन मोजून त्यालाच फळ म्हणण्याची ही जुनी चूक आहे.

आदेशांची उणीव नाही. २०१९ मध्ये फिट इंडिया मोहीम सुरू झाली, २०२१ मध्ये कार्यालयांना पाच मिनिटांच्या योग-विश्रामाची सूचना गेली. पण परिपत्रकावर 'पाहिले' अशी सही होते आणि त्याच दिवशी साडेसहाची बैठक लागते. ई-ऑफिस आल्यापासून फाईल घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाण्याचे निमित्तही उरले नाही.

'वेळ कुठे आहे?' हा प्रश्न वरिष्ठांच्या तोंडी शोभत नाही. त्यांचे निवासस्थान जवळ असते, वसाहतीत उद्यान असते. खरा प्रश्न गाझियाबाद किंवा फरीदाबादहून येणाऱ्या लिपिकाचा आहे. साहेब बसले म्हणून तोही बसतो, आणि त्याचा दिवसातला एकमेव मोकळा तास आपण हिरावून घेतो. महिला कर्मचाऱ्यांची स्थिती याहून बिकट. घरी गेल्यावर त्यांची दुसरी पाळी सुरू होते.

म्हणून उपदेश पुरे झाले. निकड नसेल तर सहानंतर बैठक बोलावू नये. बोलावल्यास कारण लेखी नोंदवावे. दिल्लीच्या विषारी हिवाळ्यात बाहेर चालणे धोक्याचे असते, तेव्हा कार्यालयांतील रिकामी सभागृहे शिपायापासून सचिवांपर्यंत सर्वांना संध्याकाळी खुली असावीत. आणि याची सुरुवात वरिष्ठाने स्वतः सहाला उठून करावी. तो उठल्याखेरीज खालचा कोणीही उठणार नाही, हे आपण सारेच जाणतो.