जर्सी विद्यापीठाची, गर्दी मात्र तालमीची

हुपरी : दिवाळी आली की या भागात तीन हंगाम एकदम सुरू होतात. कारखान्याचा गळीत हंगाम, कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षा आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. कॉलेजला जाणारा, खेळणारा आणि घरी दोन एकर ऊस असणारा पोरगा या तिन्हींच्या कात्रीत सापडतो. उद्या विभागीय सामना आणि आजच ऊसतोडीची टोळी फडात आली, तर घरचे कुणाला पुढे घालणार हे वेगळे सांगायला नको.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना 18 नोव्हेंबर 1962 ची. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. खेळाडूची वाट ठरलेली आहे. आधी कॉलेजचा संघ, मग विभागीय आणि आंतरविभागीय स्पर्धा, त्यातून विद्यापीठाची निवड आणि पुढे इतर विद्यापीठांशी गाठ. निवड झाली की विद्यापीठाच्या नावाचा ट्रॅकसूट अंगावर येतो. गावात त्याचा मान आहे, पण सामना बघायला गाव जात नाही.

याच कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. खासबागेत चांगली जोड लागली की खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो. म्हणजे खेळाचा नाद कमी झालेला नाही. फरक आपलेपणात आहे. तालमीत आजोबा खेळलेले, बाप खेळलेला आणि पोरगा लहानपणापासून कडेला बसून बघत आलेला. कॉलेजचा संघ तीन वर्षांचा. विद्यापीठाचा तर सराव शिबिरापुरता एकत्र येतो, स्पर्धा संपली की ज्याचा तो आपल्या वाटेला. एवढ्या दिवसांत एकमेकांची नावे पाठ होतात, संघ होत नाही.

पण कॉलेजच्या मागे माणसे उभीच राहिली नाहीत, असेही नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. गावानेही वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी कर्ज फेडायला हातभार लावला. तेव्हा शिवाजी विद्यापीठ नव्हते, क्रीडा अनुदान नव्हते. मागे उभी राहणारी माणसे होती. संघभावना म्हणतात ती नुसती अकरा किंवा सात खेळाडूंत नसते, ती मैदानाबाहेरच्या माणसांतही असावी लागते.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षे गेली. 2024 मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य घेतले. त्याची जडणघडण नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. गुणी पोरगा लहानपणीच प्रबोधिनीत गेला तर चांगलेच. पण सगळ्यांना ते जमत नाही. गावात राहणाऱ्याला कॉलेज हीच शेवटची शिडी.

हुपरीत ही अडचण आणखी वेगळी आहे. इथे चांदीचे काम घराघरात चालते. आटणी, तार ओढणे, जोडकाम, पॉलिश असे हातावरचे काम आणि त्यावर मजुरी. कॉलेज करून संध्याकाळी कामाला बसणारी पोरंपोरी कमी नाहीत. सरावाला गेले की मजुरी बुडते. स्पर्धेला चार दिवस बाहेर गेले की घरात त्याचा हिशेब होतो. मुलीच्या बाबतीत तर उशिरा परतायची एसटी आहे का, हा प्रश्न खेळाच्या आधी येतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही खेळाला क्रेडिट मिळते. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहेच. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण त्यात एक धोका आहे. क्रेडिटसाठी नाव नोंदवले जाते, प्रमाणपत्रासाठी स्पर्धा गाठली जाते आणि सराव राहतो बाजूला. कागदावर खेळाडू वाढतील, मैदानावर वाढतीलच असे नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या विभागीय स्पर्धा हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली अशा गावांत आलटून पालटून घेता येतील. तिथे बघणारी माणसे आयती आहेत. गावातल्या मंडळांचे आणि तालमींचे वस्ताद कॉलेजच्या सरावाला जोडता येतील, म्हणजे संघ वर्षभर एकत्र राहील. परीक्षा आणि सामना एका दिवशी आला तर फेरपरीक्षेची तारीख आधीच कळवता येईल. प्रवास आणि जेवणाचा भत्ता स्पर्धेनंतर नव्हे, निघायच्या आधी खेळाडूच्या हातात पडायला हवा. घरातून पैसे मागायची वेळ आली की अनेकांचा खेळ तिथेच संपतो.

आज कुणी घर गहाण टाकावे अशी अपेक्षा नाही. फडात टोळी आली असताना शेजाऱ्याने म्हणावे, "पोराला जाऊ दे खेळायला, वाडं बांधायला मी येतो." एवढे झाले तरी विद्यापीठाची जर्सी गावाची होईल.