गुपचूप घेतलेली गोळी

सदर : संसारातले प्रश्न

कोरेगाव भीमाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता छापू नका, अशी त्यांची विनंती आहे आणि ती अर्थातच पाळली आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देत आहे.

"आमचे मालक सणसवाडीला कारखान्यात आहेत. वय ५२. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं तेव्हा पुण्याला नेऊन स्टेंट टाकली. शुगरही आहे. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात असते. परवा कपडे भिजत घालताना खिसा तपासला, तर त्या गोळीच्या जोडीला दुसऱ्याच गोळ्यांची पट्टी सापडली. चारातल्या दोन संपलेल्या. मुलाच्या मोबाइलवर नाव दाखवून विचारायची सोय नाही, म्हणून शेजारच्या नर्सबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'अहो, ही तसली गोळी.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना विचारावं तर ते चिडतील, नाही विचारावं तर जीव थाऱ्यावर नाही. काय करू?"

प्रिय भगिनी,

लाजेचा विचार आपण नंतर करू. आधी जिवाचा. तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की जिच्यासाठी मी बाकीची सगळी पत्रं बाजूला ठेवली. ती ओळ म्हणजे, दोन्ही गोळ्या एकाच खिशात होत्या. ह्या दोन गोळ्या एकाच माणसाच्या पोटात जाता कामा नयेत. हे आजच्या आज त्यांच्या कानावर घाला. रागावले तरी चालेल.

कारण सांगते. जिभेखालची गोळी, म्हणजे सॉर्बिट्रेट किंवा तिच्या जातीची औषधं, रक्तवाहिन्या सैल करतात. त्यामुळे हृदयावरचा ताण उतरतो आणि कळ थांबते. 'तसली' गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, टाडालाफिल वगैरे, हीदेखील रक्तवाहिन्या सैल करण्याचंच काम दुसऱ्या वाटेने करते. पहिलं औषध शरीरात जो संदेश निर्माण करतं, तो पुसला जाऊ नये अशी व्यवस्था दुसरं करतं. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब असा कोसळतो की माणूस उभ्याचा आडवा होतो, आणि ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास जिभेखालची गोळी चालत नाही. आता बघा, रात्री गुपचूप एक गोळी घेतली, पहाटे छातीत दुखलं, आणि घरच्यांनी घाईघाईने खिशातली दुसरी गोळी जिभेखाली सरकवली, तर? कोणाचाच हेतू वाईट नव्हता, पण घात झाला. खरा धोका आहे तो ह्या गुपचूपपणात.

म्हणून प्रत्येक घरात हे पाठ असावं : छातीत दुखू लागलं आणि अशी गोळी घेतलेली असेल, तर सॉर्बिट्रेट द्यायची नाही. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते हेच, की अमुक गोळी, अमुक वाजता घेतली आहे. डॉक्टरांना त्यात काही नवल वाटत नाही. त्यांच्याकडे कळ थांबवायचे दुसरेही उपाय असतात, पण त्यांना माहीत तर हवं ना!

आता ह्या गोळीची थोडी माहिती. ती मुळात निघाली हृदयाच्याच दुखण्यासाठी. इंग्लंडमध्ये सँडविच नावाच्या गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत छातीच्या कळेवर औषध शोधताना तिचा हा दुसराच गुण ध्यानात आला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. आपल्याकडे २००१ पासून देशी कंपन्यांच्या गोळ्या मिळू लागल्या. आज ती स्वस्त आहे आणि गावोगावच्या मेडिकलमध्ये असते. कायद्याने मात्र ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. चिठ्ठी मागितली तर तो दुकानदाराचा आगाऊपणा नव्हे, तुमच्या माणसाची काळजी आहे असं समजा.

ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. इच्छा असेल तर इंद्रियाकडे रक्त नीट पोचायला मदत करते, एवढंच. नेहमीच्या माणसाला, डॉक्टरांनी तपासून योग्य मात्रेत दिली, तर ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे. डोकं दुखणं, चेहरा लाल होऊन गरम वाटणं, नाक चोंदणं, अपचन, थोडी चक्कर, कधी सगळं निळसर दिसणं, हे त्रास होतात आणि काही तासांत ओसरतात. टाडालाफिलने पाठ आणि स्नायूही दुखतात. सिल्डेनाफिलचा जोर साधारण चार-पाच तास राहतो, टाडालाफिलचा दीड दिवसापर्यंत. तेलकट, मसालेदार जेवणावर सिल्डेनाफिल घेतली तर ती उशिरा लागू पडते. मग 'काही झालंच नाही' म्हणून पुरुष दुसरी गोळी घेतात. हे साफ चूक. २४ तासांत एकदाच, आणि डॉक्टरांनी सांगितली तेवढीच.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा :

छातीत दुखणं, घेरी येऊन पडणं, एका डोळ्याने एकाएकी दिसेनासं होणं, एकाएकी ऐकू न येणं. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकणं. ह्या शेवटच्या लक्षणाला पुरुष हसण्यावारी नेतात, पण तेवढ्या वेळात आतल्या भागाला ताजं रक्त मिळत नाही आणि कायमचं नुकसान होऊ शकतं.

काही औषधांबरोबरही ह्या गोळीचं जमत नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर रक्तदाब उतरून चक्कर येते. गजकर्णावर इट्राकोनॅझोल हे औषध हल्ली घरोघरी दिसतं. ते चालू असताना ही गोळी शरीरात साठून तिचा जोर वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिक्सचंही तसंच. यकृत किंवा मूत्रपिंड अधू असेल, वय ६५ च्या पुढे असेल, तर डॉक्टर लहान मात्रेपासून सुरुवात करतात. अलीकडेच हृदयाचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर सहसा देतच नाहीत.

आणि दारू! २०२३ साली नागपूरच्या एका ४१ वर्षांच्या गृहस्थाची हकिकत वर्तमानपत्रांत आली होती. त्याने दारूबरोबर ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. सकाळी बरं वाटेना. सोबतच्या व्यक्तीने डॉक्टरकडे जायचा आग्रह धरला, तर म्हणाला, असं पूर्वीही झालंय. पुढे तब्येत ढासळली आणि मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. न्यायवैद्यक डॉक्टरांनी हे प्रकरण त्यांच्या शास्त्रीय नियतकालिकात नोंदवलं. असं क्वचितच घडतं, हे खरं. पण 'असं पूर्वीही झालंय' हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे की नाही? ते ऐकून गप्प बसायचं नाही, इतकंच मला सांगायचं आहे.

ह्याहून फसवा प्रकार म्हणजे 'निव्वळ जडीबुटी, अपाय शून्य' म्हणून विकली जाणारी पुडी. पुणे-नगर रस्त्याने एस.टी.तून जाताना भिंतीवरच्या जाहिराती आणि रस्त्याकडेचे तंबू तुम्ही पाहिले असतील. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या रंगवल्या जातात. देशोदेशींच्या औषध खात्यांनी तपासलेल्या कित्येक 'वनस्पतीजन्य' गोळ्यांत हेच सिल्डेनाफिल चोरून मिसळलेलं सापडलं आहे. म्हणजे घेणाऱ्याला वाटतं पाला आहे, आणि वर बिनधास्त सॉर्बिट्रेट घेतली जाते. २००८ साली सिंगापुरात तर अशा बनावट गोळ्यांत मधुमेहाचं औषध निघालं. मधुमेह नसलेल्या १५० जणांची साखर एकाएकी उतरली आणि त्यांतले ४ दगावले. तुमचे मालक आधीच शुगरच्या गोळ्या घेतात. त्यांना अशी पुडी किती महागात पडेल, ते तुम्हीच समजा.

आता तुमच्या मनातल्या शल्याविषयी.

खिशात गोळी सापडली म्हणजे माणूस वाकड्या वाटेला लागला, असं लगेच मनाशी ठरवू नका. एक तर ह्याच औषधांचे दुसरेही उपयोग आहेत. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला तर सिल्डेनाफिल देतात, प्रोस्टेटच्या त्रासावर टाडालाफिल देतात. तेव्हा आधी विचारा. आणि दुसरं, शुगर, रक्तदाब, तंबाखू आणि हृदयाचं दुखणं, हे ज्या घरी आहे त्या घरी ही अडचण येणं अगदी स्वाभाविक आहे. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून चोंदल्याची खूण पुष्कळदा तिथे आधी दिसते. ज्यांना अजून हृदयाचा त्रास नाही त्यांच्या बाबतीत ही पुढच्या संकटाची सूचनाच असू शकते. रक्तदाबाच्या नाही तर मनाच्या औषधांनीही कधी असं होतं. डॉक्टर ती बदलून देतात. आपल्या आपण मात्र ती बंद करायची नाहीत. म्हणजे ही मर्दानगीची गोष्ट नाही, नळीची आहे. आणि बायकोच्या रूपाची किंवा वयाची तर मुळीच नाही. मला वाटतं, तुम्हाला रात्री झोप लागत नाही ती ह्या शेवटच्या शंकेने. ती काढून टाका.

मग विचारायचं कसं? मुलं घरात नसताना, जेवणं आटोपल्यावर, आवाज न चढवता. 'हे काय आणलंत?' अशी सुरुवात केलीत तर भांडण ठरलेलं. 'ह्या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत म्हणे, मला भीती वाटते,' अशी करा. पुरुषाला चोरी पकडली गेल्याची लाज वाटते. काळजीची वाटत नाही. ते गप्प बसले तर बसू द्या. पण पट्टी बाजूला काढायला लावा, आणि जिभेखालची गोळी खिशात राहू द्या. ती डॉक्टरांनी दिलेली आहे.

दोघांनी मिळून हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. पुण्याला ससूनमध्ये सरकारी सोय आहे. जाताना सगळ्या गोळ्या, जुने कागद आणि ही सापडलेली पट्टीसुद्धा पिशवीत घाला. आणि हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या : सॉर्बिट्रेटची गरज आता खरंच राहिली आहे का? समागमाचा श्रम हृदयाला झेपेल का? (दोन जिने न थांबता चढून छातीत दुखत नसेल तर पुष्कळांना तो झेपतो, पण हे डॉक्टरांनीच ठरवायचं.) शुगर ताब्यात आहे का? आणि ह्या गोळीशिवाय दुसरा उपाय आहे का? स्टेंट टाकली म्हणजे ह्या सुखाला कायमचं मुकलं, असं नसतं. तब्येत स्थिर असेल आणि सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध चालू नसेल, तर काहींना डॉक्टर विचारपूर्वक परवानगी देतात. तुमच्या यजमानांनी हे विचारण्याचं धाडस केलं तर कदाचित त्यांना हवं असलेलं उत्तर सरळ मार्गानेही मिळेल.

अशा गोष्टी बोलायच्या नसतात, असं कोणी म्हणालं तर त्यांना आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण द्या. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि त्यात वाचकांच्या ह्याच तऱ्हेच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्यावरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १ जानेवारी १९२७ ला तुमच्या गावाजवळच्या जयस्तंभाला भेट देऊन गेले ते हेच बाबासाहेब. कर्वे यांना दंड झाला, पण प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही, ही त्यांची बाजू काळाने खरी ठरवली. आपण तर नुसतं डॉक्टरांना विचारायचं आहे.

इतर भगिनींसाठी थोडक्यात : घरात हृदयाचा रुग्ण असेल तर त्याच्या सगळ्या औषधांची नावं एका कागदावर लिहून फळीच्या आत चिकटवा. ही गोळी घरात असेल तर मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. मित्राने दिलेली, पुडीतली, नाव नसलेली गोळी घेऊ देऊ नका. कोणत्याही औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ ह्या सरकारी नंबरवर तो फुकट नोंदवता येतो. नोंदवलेला त्रास दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचवतो.

पत्रं पाठवीत राहा. नाव नको असेल तर 'नाव नको' एवढं वर लिहिलंत तरी पुरे.