काकडी खाऊ, पण जाऊ कुठे?



उन्हाळा तोंडावर आला की आमच्यासारख्या कार्यकर्त्या आरोग्याचे तक्ते काखेत मारून वस्त्यांतून फिरू लागतात. मीही फिरते. भोसरी एमआयडीसीलगतच्या एका वस्तीत असेच सत्र चालले होते. विषय होता, उन्हाळ्यात शरीरातले पाणी कसे टिकवायचे. काकडीत शंभरातले ९५ भाग पाणी, टोमॅटोत जवळपास तितकेच, कलिंगडात नव्वदाच्या वर, असे मी रंगात येऊन सांगत होते. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, काकडी खाऊ की. पण मग जायचं कुठं?"

बाया हसल्या. मला हसता आले नाही, कारण माझ्या तक्त्यावर याचे उत्तर नव्हते.

मग तक्ता गुंडाळून ठेवला आणि बोलणे सुरू झाले. ती बाई एका छोट्या शेडमध्ये सुट्या भागांची धार काढण्याचे काम करते. शेडमध्ये संडास एकच, तोही पुरुषांबरोबरचा. आतली कडी मोडलेली, बाहेरच्या कुलपाची किल्ली सुपरवायझरकडे. किल्ली मागायची म्हणजे चार पुरुषांसमोर मागायची, आणि दुसऱ्यांदा मागितली की "आत्ताच गेली होतीस ना?" हे ऐकायचे. म्हणून ती सकाळी सातला कपभर चहावर घर सोडते, डब्याबरोबर दोन घोट पाणी घेते आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याच्या तांब्या रिचवते. सत्रातल्या बहुतेकींचा दिवस याच हिशोबाने चालत होता. कितीजणींना लघवीला जळजळ होते म्हणून विचारले, तर उत्तर आले, "उन्हाळी लागतेच की ताई, त्यात काय!" सब्जाचे पाणी प्यायचे नि पुन्हा कामावर.

त्यात पुष्कळ काही आहे. पत्र्याच्या शेडमध्ये घाम जातो तो नुसते पाणी नेत नाही, मीठही नेतो. पाणी कमी पडले की लघवी घट्ट आणि गडद होते, मुतखड्याला वाट मिळते. लघवी तासन्‌तास रोखून धरली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बाईचा मूत्रमार्ग मुळातच आखूड, त्यामुळे संसर्ग लवकर चढतो. गरोदर बाईच्या बाबतीत तर तो मूत्रपिंडापर्यंत जाऊन वेळेआधी बाळंतपण होण्याची भीती असते. जळजळीबरोबर थंडी-ताप आला किंवा पाठीत कळ आली, तर सब्जावर न थांबता दवाखाना गाठलाच पाहिजे.

मग आहाराचा सल्ला खोटा का? नाही. पण त्याचे माप ठाऊक हवे. रोजच्या गरजेतले सुमारे पाचव्या हिश्श्याचे पाणी आपल्याला अन्नातून मिळते, बाकीचे प्यावेच लागते. पाव किलो काकडी खाल्ली तरी पोटात जाते ते ग्लासभर पाणी. बाईला दिवसाकाठी सगळे मिळून दोन लिटरच्या आसपास लागते, भट्टीजवळ उभे राहणारीला त्याहून जास्त. काकडी ग्लासाला जोड देते, त्याची जागा घेत नाही. आणि महागडे कलिंगड नसले म्हणून अडत नाही. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ ताकात कालवून केलेली आंबील आपल्या आज्यांची. तिच्यात पाणी, मीठ आणि पोटाला आधार तिन्ही आहे. दुधीची पातळ भाजी, कांदा घातलेले ताक, वरणाचे पाणी हे सगळे याच हिशोबात. जुलाब लागले असतील तर मात्र लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पण डब्यात काय येते ते पाहिले का? चपाती आणि कोरडी चटणी. पातळ भाजी डब्यातून सांडते म्हणून नको, हे एक कारण. दुसरे कारण असे की पातळ, रसदार जे काही शिजते ते आधी नवऱ्याच्या नि मुलांच्या ताटात जाते आणि शेवटी जेवणारीला पातेल्याचा तळ मिळतो. त्यातच पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झाले. घरात पाणी मोजून वापरायची वेळ आली की पहिली काटकसर कोण करते, ते तुम्हाला सांगायला नको.

आता किल्लीकडे येऊ. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १८ पिण्याच्या पाण्याचे होते आणि त्याच्या पाठोपाठ कलम १९ संडास-मुताऱ्यांचे, बायकांसाठी स्वतंत्र आणि आडोशाच्या. कायदा लिहिणाऱ्यांनी ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवली, तक्ते काढणाऱ्या आम्हाला मात्र हे शेजार दिसले नाही! गार पाण्याची सक्ती अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच होती, म्हणजे भोसरीतल्या बहुतेक शेड तिच्या बाहेर. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही पिण्याचे पाणी आणि स्त्री, पुरुष, तृतीयपंथी यांच्यासाठी संडास-मुताऱ्यांची तरतूद आहे. पण आस्थापना म्हणायला निदान दहा कामगार लागतात. सात-आठ जणींच्या शेडने काय करायचे?

रस्त्यावर काम करणाऱ्या बाईपुढेही हाच प्रश्न आहे. तिथे थोडी वाट झाली आहे. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे निर्देश दिले. त्याआधी २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेतल्या कार्यकर्त्या हा विषय चारचौघांत मोठ्याने बोलत होत्या. बोलायची लाज त्यांनी आधी मोडली, म्हणून पुढचे झाले.

भोसरीच्या त्या गटाने सध्या एवढेच केले आहे. आठजणींनी मिळून मालकाला कडी बसवायला लावली आणि किल्ली खिळ्यावर टांगून ठेवायला सांगितली. कडी बसली. किल्लीचे अजून घोंगडे भिजत आहे. वेगळ्या संडासाचा अर्ज लिहून तयार आहे, सह्यांसाठी शेजारच्या दोन शेडमधल्या बायांशी बोलणे चालू आहे.

तुमच्या भागातल्या कारखान्यात, बाजारात, मजूर अड्ड्यावर काय स्थिती आहे ते लिहून कळवा. किती बायका, किती संडास, किल्ली कुणाकडे आणि पाण्याचा माठ कुठे, एवढे लिहिले तरी चालेल. पुढच्या अंकात चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.