मेलेल्या भाषेचा पहिला धडा

सध्या आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. लॅटिन. माझी भाची जर्मनीत इतिहासात एम.ए. करते आहे. तिला मध्ययुगावर काम करायचंय, आणि त्यासाठी लॅटिन यायला हवं असं तिथल्या विभागाचं म्हणणं. विद्यापीठात अगदी शून्यापासून शिकवणारे वर्ग असतात, त्यात तिनं नाव घातलं. परिणाम असा की पदवी एक सेमिस्टर लांबणार. म्हणजे आणखी सहा महिन्यांचं खोलीभाडं, विमा, जेवणखाण. दादा पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्यामुळे त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे : "मेलेली भाषा शिकून मिळणार काय?"

मंडळी, मी भाचीच्या बाजूने आहे. पण ग्रुपवर तिच्या बाजूने जी कारणं दिली जातायत ना, ती मला बिलकुल पटत नाहीत. कुणी म्हणतं लॅटिनने मेंदू तल्लख होतो. अहो, मेंदूला व्यायामच हवा असेल तर बुद्धिबळ स्वस्त पडेल! कुणी म्हणतं डॉक्टरी शब्द कळतात. तिला कुठे डॉक्टर व्हायचंय? आणि "संस्कृतचीच बहीण आहे ती" हा अभिमान तर सोडूनच द्या. नातं आहे हे खरं. आपला सप्तन् तो त्यांचा सेप्तेम्, आपला अग्नी तो इग्निस्. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, ज्याचं मराठी ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापलं गेलं, त्याने 1583 मध्येच भावाला पत्रातून कळवलं होतं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. पण नातं आहे म्हणून सहा महिने कुणी खर्च करत नाही.

माझं कारण वेगळं आहे. एक उदाहरण देते.

सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला, 'होर्तुस मलाबारिकुस'. 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. झाडं इथली, औषधी उपयोग इथले, माहिती देणारे वैद्य इथले. त्यात इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांची साक्ष नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेली आहे. पण ग्रंथ लॅटिनमध्ये! ज्यांच्या आजीच्या बटव्यातली ती माहिती, त्यांना तो वाचता येईना. प्रा. के. एस. मणिलाल या केरळच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं त्यावर घालवली, तेव्हा कुठे 2003 साली त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर आलं. मधे गेली तीनशेहून अधिक वर्षं.

लॅटिन मेली म्हणता ना? बोलणारे गेले, कागद राहिले. आणि त्या कागदांत आपणही आहोत. ते उघडणारं आपल्यातलं कुणीतरी नको का? भाषांतरं होतात, मान्य. पण कशाचं भाषांतर करायचं, हे ज्याला मूळ वाचता येतं तोच ठरवतो.

आता दुसरा आक्षेप, वहिनीचा. "तेविसाव्या वर्षी श्रीगणेशा?" वहिनी, धर्मानंद कोसंबी 1876 साली गोव्यात साखवाळला जन्मले. शाळा जेमतेम झालेली. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून 1899 मध्ये घर सोडलं, पुण्यात नि काशीत संस्कृतचे धडे घेतले, आणि पाली शिकायला श्रीलंकेला पोचले तेव्हा पंचविशी उलटली होती. पुढे त्यांनीच फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, हार्वर्डला जाऊन काम केलं.

आणि बाबासाहेब! शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवलं. जुनी भाषा कुणी शिकायची हे आपल्याकडे जन्मावर ठरत होतं. म्हणून मला विद्यापीठातला तो शून्यापासूनचा वर्ग फार मोलाचा वाटतो. तिथे सगळेच अडाणी असतात. बाकावर बसलेल्या कुणाचीच ती मातृभाषा नाही, कुणाचे आजोबा घरी ती बोलत नव्हते. पहिल्या दिवशी सगळ्यांची पाटी कोरी. (आपल्या पोरीला तर उलट थोडी आघाडीच. 'अग्रिकोला आक्वाम् पोर्तात्' म्हणजे शेतकरी पाणी वाहतो. शब्दांचा क्रम बघा, थेट मराठी! आणि द्वितीया-षष्ठी तिने शाळेत घोकलेल्याच आहेत. :) )

आमच्या मीरा-भाईंदरपुरतं बोलायचं तर लॅटिन काही फार लांब नाही. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडा. डोंगरी, उत्तनकडे रस्त्याच्या कडेला क्रूस दिसतात, आणि क्रुसावर बऱ्याचदा चार अक्षरं : आय, एन, आर, आय. हा अख्खा पहिला धडा आहे. इएसुस् नाझारेनुस् रेक्स् इउदाएओरुम्. नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. 'रेक्स्' म्हणजे आपल्या 'राजन्'चा भाऊ. शेवटचं 'ओरुम्' म्हणजे षष्ठीचं बहुवचन, आपलं 'यांचा'. चार अक्षरं वर्षानुवर्षं नजरेसमोर होती. विभक्ती कळली तेव्हा ती बोलायला लागली.

तिथल्या एका ओळखीच्या कोळी आजोबांना लहानपणी चर्चमध्ये द्यायची लॅटिन उत्तरं अजून तोंडपाठ आहेत. 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत, इकडे मराठीत, होऊ लागली. अर्थ? "तेव्हा कोण विचारतंय!" म्हणाले. हसू नका. आपणही मंत्रपुष्पांजली खड्या आवाजात म्हणतो, आणि अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतो. पाठ असणं आणि वाचता येणं यांत जे अंतर आहे, तेच ती पोरगी सहा महिन्यांत कापायला बघतेय.

आपल्याकडे संस्कृत बहुतेक मुलं दहावीच्या मार्कांसाठी घेतात आणि निकाल लागला की सोडतात. मार्कांची चिंता संपल्यावर, स्वतःच्या कारणासाठी, एखादी जुनी भाषा अ-आ-इ-ईपासून शिकायची सोय प्रत्येक कॉलेजात असायला हवी. संस्कृत, पाली, अर्धमागधी, फारसी, लॅटिन, काहीही. नोकरी मिळेल असं आमिष मात्र दाखवू नये. ते खोटं ठरेल आणि वर्ग ओस पडतील.

दादा, तू हे वाचणार आहेसच. खर्च खरा आहे, तो नाकारत नाही. सहा महिन्यांतला माझा वाटा मी उचलते, आत्या कशाला असते मग? पण "मेलेली भाषा" असं तिला फोनवर परत म्हणू नकोस. तिला म्हण, काय वाचलंस ते सांग.